रेंजसाठी स्टीलचं पिस्तूल: आधी व्हिसा, मग मूठ, मग ब्रँड

आजचा विषय जरा हटके आहे. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या बऱ्याच श्रोत्यांना शनिवारी शूटिंग रेंजवर जायचा नाद लागलाय. त्यामुळे "रेंजसाठी फुल-साइज, स्टीलचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल कुठलं घेऊ?" हा प्रश्न हमखास येतो. मी न्यू जर्सीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, लग्नामुळे ग्रीन कार्ड लवकर झालं आणि गेली काही वर्षं नेमाने रेंजवर जातो. त्या अनुभवावरून बोलतो.

पण ब्रँडच्या आधी व्हिसा. तुम्ही एच-१बी किंवा एफ-१ वर असाल, तर फेडरल कायद्यानुसार साधारणपणे तुम्ही बंदूक किंवा गोळ्या बाळगू शकत नाही. विकत घेणं तर सोडाच, रेंजवर भाड्याने घेतलेलं किंवा मित्राने "मार की दोन राऊंड" म्हणत हातात दिलेलं पिस्तूलसुद्धा यात धरलं जाऊ शकतं. राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स असण्यासारखे काही अपवाद आहेत, पण ते तुम्हाला लागू होतात का हे वकिलालाच विचारा. हा फेडरल गुन्हा आहे. एका रीलसाठी नोकरी, व्हिसा आणि पुढचं ग्रीन कार्ड पणाला लावू नका. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर मार्ग मोकळा आहे, पण प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. आमच्याकडे न्यू जर्सीत प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळं परमिट लागतं आणि मॅगझिनमध्ये १० च्या वर गोळ्या चालत नाहीत.

आता, स्टीलच का? इंजिनिअर मंडळी, अकरावीचं फिजिक्स आठवा. गोळी आणि गॅस पुढे जातात, तेवढाच संवेग पिस्तुलाला मागे ढकलतो. पिस्तुलाचं वजन दुप्पट, तर मागे येण्याचा वेग निम्मा आणि झटक्याची ऊर्जाही निम्मी. प्लास्टिक फ्रेमचं ग्लॉक १७ रिकामं ७०० ग्रॅमच्या आसपास भरतं. सीझेडचं शॅडो २ भरतं साधारण १३३० ग्रॅम. गोळी तीच, ९ एमएम, पण हाताला फरक लगेच कळतो. कमरेला दिवसभर बाळगायचं असतं तर एवढं वजन नकोसं झालं असतं. रेंजवर मात्र तेच वजन तुमच्या बाजूने काम करतं.

आणि फुल-साइज का? पुढची आणि मागची साइट यांच्यातलं अंतर समजा १६ सेंटीमीटर आहे. साइट जुळवताना १ मिलिमीटर चूक झाली, तर १० मीटरवर गोळी सुमारे ६२ मिलिमीटर बाजूला जाते. अंतर १३ सेंटीमीटर असेल तर तीच चूक ७७ वर पोचते. पिस्तूल लांब असलं की चूक थोडी माफ होते, एवढंच.

पर्याय बघू. सीझेड ७५ हे १९७५ चं चेक डिझाइन, पूर्ण स्टीलचं, साधारण १ किलो. त्याची स्लाइड फ्रेमच्या आतल्या खाचांत चालते, त्यामुळे बाहेर धरायला जागा कमी. घामेजल्या हाताने स्लाइड ओढताना बोटं घसरतात. शॅडो २ हे त्याच घराण्यातलं, स्पर्धेसाठी बनवलेलं. दुसरं घराणं १९११ चं, जॉन ब्राउनिंगचं. मूळ पॉइंट ४५ कॅलिबर, पण आता ९ एमएममध्येही मिळतं. मूठ पातळ, ट्रिगर सरळ मागे जाणारा. मॅगझिनमध्ये गोळ्या मात्र कमी. आणि एक लक्षात ठेवा: बेरेटा ९२ एफएस दिसायला दणकट असलं तरी त्याची फ्रेम ॲल्युमिनियमची असते. "मेटल" म्हणजे स्टील असं धरून चालू नका.

यातलं कुठलं घ्यायचं? ते तुमचा पंजा ठरवेल, यूट्यूब नाही. दुकानात आधी विचारा, मग पिस्तूल रिकामं आहे हे स्वतः तपासा. नळी कायम सुरक्षित दिशेला. पकड घेतल्यावर बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर आरामात बसतं का? सीझेड ७५ मध्ये पहिल्या गोळीला ट्रिगर लांब आणि जड असतो, नंतर हलका होतो. तेव्हा दोन्ही प्रकारे बघा. डोळे मिटून हात वर करा आणि डोळे उघडा. साइट्स जवळपास सरळ दिसल्या तर मूठ जमली. मग तेच मॉडेल रेंजवर भाड्याने घेऊन ५० गोळ्या झाडा. पहिल्या दहा सगळ्यांच्याच बऱ्या जातात. शेवटच्या दहा बघा. हात थकल्यावर छिद्रं कुठे पडतात, तिथे खरं उत्तर मिळतं. सव्वा किलो वजन सगळ्यांनाच झेपत नाही आणि त्यात कमीपणा काही नाही.

बजेटचं म्हणाल तर पिस्तूल एकदाच घेता, गोळ्या कायम. महिन्यातून दोनदा शंभर-शंभर म्हटलं तरी वर्षाला २४०० होतात. त्यामुळे सगळा पैसा पिस्तुलात घालू नका. थोडा कोचसाठी आणि कुलूपबंद पेटीसाठी ठेवा. घरात लहान मूल असेल तर पेटी आधी, पिस्तूल नंतर.

इनडोअर रेंजवर कानात प्लग आणि वर मफ, दोन्ही घाला. एका आवाजानेही कान कायमचा बिघडू शकतो. परत निघताना हात साबणाने धुवा, कारण बोटांवर शिसं असतं. त्याच हाताने गाडीत वेफर्स खाऊ नका!

आणि भारतातल्या श्रोत्यांनो, तिथे ९ एमएम सामान्य नागरिकाच्या आवाक्याबाहेर आहे, पण १० मीटर एअर पिस्तुलाने छान सुरुवात होते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, ते पॉइंट २२ च्या पिस्तुलाने. नेम शिकायला मोठं कॅलिबर लागत नाही.

तुमचे प्रश्न व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर बोट ट्रिगरच्या बाहेर!