मेस्काल : एका पेयाची रसपरीक्षा



वसंतातल्या व्यासपीठांवरून संतवाङ्मय होते, शास्त्र होते, राजकारण होते; आज विषय आहे मेक्सिकोतल्या एका मद्याचा. पत्रिका वाचून काही भुवया वर गेल्या असतील. त्या वरच राहू द्या, फक्त कान इकडे असू द्या म्हणजे झाले. मद्याची भलावण करण्याचा माझा हेतू नाही. ज्याने जन्मात थेंब घेतला नाही आणि पुढेही घेणार नाही, त्यालाही यात विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. खरा प्रश्न असा की, एकाच नावाखाली मोडणाऱ्या चार वस्तू चार चवींच्या का निघतात, आणि त्यांतली चांगली कोणती हे कशावरून ठरवायचे?

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. आपल्या पठारावर शेताच्या बांधाला घायपाताची झुडपे दिसतात; कुणी त्यांना केकताड म्हणतात. जाड, काटेरी, तलवारीसारखी पाने. त्यांचा वाख काढायचा आणि दोर वळायचे, एवढाच आपला संबंध. हे कुळ मूळचे अमेरिका खंडातले. मेक्सिकोत त्याच्या कितीतरी जाती आहेत. मेस्काल हा शब्द तिथल्या नाहुआट्ल भाषेतून आला. त्याचा अर्थ भाजलेले घायपात. म्हणजे नावातच अर्धी कृती आली.

वर्षानुवर्षे वाढलेले झाड फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास तोडतात आणि पाने छाटतात. उरतो तो मोठा गड्डा. तो अननसासारखा दिसतो, म्हणून त्याला ‘पिन्या’, म्हणजे अननसच, म्हणतात. कच्च्या गड्ड्यातली साखर बांधलेली असते. ती उष्णतेने सुटते. त्यासाठी जमिनीत शंकूच्या आकाराचा खड्डा खणतात, लाकडे पेटवून दगड लाल होईपर्यंत तापवतात, त्यावर गड्डे रचतात आणि वर माती लोटून कित्येक दिवस ठेवतात. आपल्याकडे हुरड्याची आगटी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना त्या वासाची थोडी कल्पना येईल. भाजलेले गड्डे ठेचतात, हवेतल्या किण्वाने आंबू देतात आणि ते बहुधा दोनदा भट्टीवर चढवतात.

टकिलाचे नाव आपण अधिक ऐकतो. ते या मेस्कालचेच भावंड. पूर्वी त्याला टकिला गावचे मेस्कालच म्हणत. आज ते निळ्या आगावे या एकाच जातीपासून करतात आणि गड्डे सहसा वाफेवर शिजवतात. म्हणून त्यात धूर नाही. शिवाय टकिलात निम्म्याहून किंचित अधिक, म्हणजे ५१ टक्के, साखर आगावेची असली तरी नाव चालते. मेस्कालला २०१६ च्या नियमांनुसार ती सगळीच आगावेची लागते.

आता चवीतल्या फरकाची कारणे पाहू. पहिले कारण वनस्पती. बहुतांश मेस्काल एस्पादीन नावाच्या लागवडीच्या जातीचे असते. ती साधारण सहा ते आठ वर्षांत तयार होते. तोबाला ही डोंगरउतारावरची लहान जात. तिच्या मेस्कालला फुलांचा, पिकल्या फळाचा वास येतो असे जाणते सांगतात. तेपेस्ताते तयार व्हायला वीस-पंचवीस वर्षेही लागतात. तिचे पेय उग्र, हिरव्या मिरचीची आणि रानपाल्याची आठवण करून देणारे असते.

दुसरे कारण भाजणे. ओआहाका राज्यात खड्ड्यात भाजतात, म्हणून धूर आणि भाजल्या गोडीची चव येते. सान लुइस पोतोसी राज्यात साल्मियाना जातीचे गड्डे जमिनीवरच्या दगडी भट्टीत शिजवण्याची रीत आहे. तिथल्या मेस्कालात धूर जवळजवळ नसतो; हिरवी, पालेभाजीसारखी चव पुढे येते. म्हणजे ‘मेस्काल म्हणजे धूर’ हे जगभर पसरलेले समीकरण निम्मेच खरे.

तिसरे कारण भांडे. सांता कातारिना मिनास या गावी गड्डे लाकडी मोगऱ्यांनी हाताने ठेचतात आणि मातीच्या मडक्यांतून ऊर्ध्वपातन करतात. पेयाला मातीचा गुण येतो. अन्यत्र तांब्याचे भांडे असते. तिथली चव अधिक रेखीव. २०१६ च्या नियमांनी या पद्धतींचे तीन वर्ग केले. नुसते ‘मेस्काल’ म्हटले की यंत्रे आणि पोलादी स्तंभही चालतात. ‘आर्तेसानाल’, म्हणजे कारागिरीचे, त्यात भांडे थेट विस्तवावर हवे. ‘आन्सेस्त्राल’, म्हणजे पूर्वजांच्या रीतीचे, त्यात खड्ड्यातली भाजणी आणि मातीचे भांडे आवश्यक.

मग परीक्षा कशी करावी? अनुभवी लोकांचा पहिला नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. गाव आणि कारागीर एकच ठेवून जाती बदला, म्हणजे वनस्पती बोलेल. जात एकच ठेवून तांबे आणि माती शेजारी ठेवा, म्हणजे भांडे बोलेल. सगळेच एकदम बदलले तर कोण बोलले ते कळत नाही. दुसरा नियम : सौम्याकडून तीव्राकडे जावे. मद्यार्काचे प्रमाण ३५ ते ५५ टक्क्यांपर्यंत असू शकते. तीव्र आधी घेतले तर जीभ बधिर होते. तिसरा नियम : पहिला घोट निकालासाठी नाही, तो तोंड सरावण्यासाठी. तळहातावर थेंब चोळून हुंगण्याचीही रीत आहे. मद्यार्क उडून जातो आणि भाजलेल्या गड्ड्याचा वास मागे राहतो. तो राहिला नाही तर शंका घ्यावी.

कारागीर स्वतः बुडबुड्यांवरून पारख करतात. बोरूच्या नळीने पेय ओढून वाटीत धार सोडतात. वर मोत्यांसारखे बुडबुडे जमतात. ते किती मोठे आणि किती वेळ टिकतात यावरून तीव्रता ओळखतात. बाटलीतली अळी मात्र या परीक्षेत कुठेच बसत नाही. ती विक्रीची युक्ती. अळी नसलेले मेस्काल कमी दर्जाचे, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

इथपर्यंत जिभेची परीक्षा झाली. पण जीभ फक्त पेल्यातले सांगते, पेल्यामागचे सांगत नाही. आपण आंब्याचे उदाहरण घेऊ. हापूस कलमाने वाढतो, म्हणून प्रत्येक झाड आईसारखे. रायवळ कोयीपासून उगवतो, म्हणून प्रत्येक झाड निराळे. एस्पादीन मुळाशी फुटणाऱ्या पिलांपासून लावता येतो. तोबाला मुख्यतः बीपासूनच येतो. बी धरायला फूल हवे आणि ते जन्मात एकदाच येते. रात्री वटवाघळे येऊन परागण करतात. आणि मद्यासाठी झाड तोडायचे ते बी धरण्यापूर्वी! मागणी वाढली की कोवळी झाडेही तुटतात. रान मोकळे होते, वटवाघळे उपाशी राहतात. पंचवीस वर्षांची तेपेस्ताते एका हंगामात संपते. ज्या दुर्मिळ चवीचे रसिक कौतुक करतो, त्या कौतुकानेच ती चव नाहीशी होऊ शकते. म्हणून काही कारागीर थोडी झाडे फुलायला राखून ठेवतात आणि बियांची रोपे करून रानात लावतात.

दुसरा प्रश्न नावाचा. गोव्याच्या काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मेस्कालला असे संरक्षण १९९४ सालीच मिळाले. संरक्षण चांगलेच, पण त्याला कुंपण असते. सुरुवातीला ते पाच राज्यांपुरतेच होते. मिचोआकान २०१२ साली आणि प्वेब्ला २०१५ साली आत आले. तोवर तिथल्या घराण्यांना आपल्या आजा-पणजाच्या पेयाला त्याच नावाने विकायला कायद्याने मनाई होती. आजही प्रमाणपत्राचा खर्च न परवडणारे किंवा तो न पटणारे कारागीर बाटलीवर ‘आगावेचे ऊर्ध्वपातित’ एवढेच लिहितात. तेव्हा चिठ्ठीवर नाव नाही म्हणून वस्तू हलकी, आणि नाव आहे म्हणून ती थोर, असे दोन्हीकडून म्हणता येत नाही.

तर मग चांगले मेस्काल कोणते? माझे मत असे की, पेला हाती येण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. कोणती जात? कुणी आणि कशा रीतीने केले? आणि तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरे लावले का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे जिभेला समजतात, तिसऱ्याचे समजत नाही. म्हणूनच ते मुद्दाम विचारावे लागते. आपल्या ताटातल्या गुळाला, तांदळाला आणि आंब्यालाही हेच प्रश्न विचारायला हरकत नाही. रसिकता ही केवळ भेद ओळखण्याची कला नव्हे. ओळखलेला भेद पुढच्या पिढीसाठी टिकवण्याची जबाबदारीही तिच्यात येते.