देणारा आणि घेणारा

तापलेल्या खोबरेलात कॉस्टिक सोड्याचे पाणी घालून ते ढवळीत राहिले,
की मिश्रण हळूहळू दाटते आणि त्याचा साबण होतो;
या स्थित्यंतराच्या मुळाशी असतो
इलेक्ट्रॉनांच्या एका जोडीचा व्यवहार.

सोड्यातील हायड्रॉक्साइड आयनापाशी अशी जोडी शिल्लक असते;
तो दाता, म्हणजे केंद्रकस्नेही.

तेलाच्या रेणूतील ज्या कार्बनाचे इलेक्ट्रॉन शेजारच्या ऑक्सिजनांनी स्वतःकडे ओढलेले असतात,
तो याचक, म्हणजे इलेक्ट्रॉनस्नेही.

दाता जोडी देतो, नवा बंध जुळतो;
जुना तुटतो, ग्लिसरीन मोकळे होते,
आणि साबण तयार होतो.

केंद्रकस्नेही आणि इलेक्ट्रॉनस्नेही या संज्ञा १९३३ साली रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर इंगोल्ड यांनी मांडल्या.

तेव्हा ध्यानी असावे:
जोडी देतो तो केंद्रकस्नेही;
जोडी घेतो तो इलेक्ट्रॉनस्नेही.