आग्रह, आहार आणि आपला कमरपट्टा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या सभासद मेळाव्यातील भाषण)



समितीने मला सांगितलं, "साहेब, बँकेतले अनुभव सांगा." थकीत कर्जाच्या गोष्टी सांगून मी तुमची संध्याकाळ खराब करणार नाही. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा सकाळच्या फिरण्यात प्लॉटचे भाव, मुलांचे मार्क आणि बदल्या हे विषय असायचे. आता गेटपासून चौकापर्यंत एकच शब्द ऐकू येतो, 'शुगर'. म्हणून आज बोलायचं आहे ते वजनाबद्दल. आणि तेही दिवसभर खाण्याच्या वस्तू समोर असताना वजन कसं उतरवायचं, याबद्दल.

लोकांना वाटतं बँकेत फक्त पैसा असतो. बँकेत पेढेही असतात. कुणाचं कर्ज मंजूर झालं, कुणाचा पोरगा पोलीस भरतीत लागला, कुणी ट्रॅक्टर उचलला की पहिला पुडा मॅनेजरच्या टेबलावर. स्टाफपैकी कुणाचा वाढदिवस, कुणाची बढती, कुणाचा निरोप समारंभ. दुपारी चारला आलुबोंडे नाहीतर समोसे. एकतीस मार्चच्या क्लोजिंगला तर रात्री बारापर्यंत चहा आणि फरसाण. माझी नोकरी चंद्रपूर, मूल, गडचिरोली अशा शाखांमध्ये झाली. आपल्या पूर्वेकडच्या धानपट्ट्यात तर भाताशिवाय जेवण झालं असं कुणी मानतच नाही. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून काम करणारा माणूस ताटभर भात खातो आणि संध्याकाळपर्यंत जिरवतो. तोच भात खाऊन आम्ही खुर्चीत बसायचो.

२००३ साली माझं वजन ८६ किलो होतं, उंची पाच फूट पाच इंच, कंबर बेचाळीस इंच. तपासणीत साखर सीमेवर आली. माझ्या वडिलांना मधुमेह होता आणि शेवटी त्यांचा एक पाय गुडघ्याखालून काढावा लागला होता. ती दोन वर्षं घरात मी पाहिली होती. डॉक्टर म्हणाले, "दहा किलो उतरवा, पुढचं पुढे पाहू." नोकरीची आठ वर्षं शिल्लक होती, म्हणजे पेढ्यांचीही आठ वर्षं शिल्लक होती. टेबल सोडून पळता येत नव्हतं.

खरी अडचण जिभेची कमी आणि नात्याची जास्त होती. मूलकडचे एक म्हातारे शेतकरी पीककर्जाचा शेवटचा हप्ता भरून आले. धोतराच्या सोग्यात बांधलेले घरचे अनारसे टेबलावर ठेवले आणि समोरच उभे राहिले. "घ्या ना जी सायेब, बुढीनं तुमच्यासाठीच केले." आता या माणसाला कॅलरी सांगायच्या का? मी एक तुकडा मोडून तोंडात टाकला, छान झाले म्हणालो आणि म्हटलं, "बाकीचे घरी नेतो बाबा, पोरांना आवडतात." म्हातारा खूश होऊन गेला. त्या दिवशी मला एक हिशेब कळला. घेणं आणि खाणं ही दोन वेगळी खाती आहेत. तो माणूस मला मान देत होता, तो मान पूर्ण घ्यायचा. डबा रिकामा करायची सक्ती त्यात कुठेच नव्हती.

मग शाखेत आम्ही काही गोष्टी ठरवल्या. मिठाई कुणाच्याही टेबलावर राहणार नाही, ती जेवणाच्या खोलीतल्या कपाटात जाईल. ज्याला खायची त्याने उठून जावं. कॅशियर बिचारा दोन वाजेपर्यंत खुर्ची सोडू शकत नाही, पण हाताशी पुडा असला की नोटा मोजता मोजता तो चार पेढे खातो आणि त्याला पत्ताही लागत नाही. महिनाभरात असं झालं की पुडे उरायला लागले आणि बाहेरच्या चहावाल्याच्या पोरांना मिळायला लागले.

दुसरी गोष्ट चहाची. बँकेत मी दिवसाला सहा चहा घ्यायचो, प्रत्येकी दोन चमचे साखर. दोन चमचे म्हणजे साधारण दहा ग्रॅम. दिवसाला साठ ग्रॅम, महिन्याला एक किलो आठशे ग्रॅम! एवढी साखर किराणा दुकानातून फक्त माझ्या नावावर आली असती तर सौभाग्यवतींनी जाब विचारला असता. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला दिवसभरात एकूण वीस-पंचवीस ग्रॅमचा आहे. मी सहाचे दोन चहा केले, तेही बिनसाखरेचे. पहिले पंधरा दिवस चहा औषधासारखा लागला, नंतर गोड चहाच पाकासारखा लागू लागला.

तिसरी गोष्ट, खायची वेळ आधी ठरवली. सकाळी साडेनऊला जेवण, रात्री आठला जेवण, दुपारी डब्यात मूठभर फुटाणे आणि ताक. मधल्या वेळी समोर काहीही आलं तरी उत्तर ठरलेलं. निवृत्तीनंतर डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचं व्याख्यान ऐकलं. दिवसातून दोनदाच, खरी भूक लागेल तेव्हा, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवायचं आणि मध्ये काही नाही, हे त्यांचं सांगणं. या कल्पनेचं श्रेय ते आपल्या विदर्भाचे, काटोलकडचे डॉ. श्रीकांत जिचकार यांना देतात. सगळे आहारतज्ज्ञ याच्याशी सहमत नाहीत. ऋजुता दिवेकर थोडं थोडं, वेळेवर आणि घरचं खा म्हणतात. त्या वादात मी पडत नाही. मला त्यातलं एवढं पटलं की निर्णय आधी झालेला असावा. बँकेत आपण कर्जदार समोर बसल्यावर मर्यादा ठरवत नाही, ती आधी मंजूर झालेली असते. जिलेबीचं ताट समोर आल्यावर 'खाऊ की नको' असा विचार सुरू झाला की जिलेबीच जिंकते.

एक इशारा मात्र देतो. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू आहे त्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवणं कमी करू नयेत. साखर एकदम खाली जाते, आणि आपल्या चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तर चक्कर यायला वेळ लागत नाही. आम्हा सत्तरीपुढच्यांनी डाळ, दूध, अंडी सोडू नयेत, नाहीतर चरबीआधी स्नायू जातात. आणि भूक मारायला खर्रा चघळणं हा उपाय नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत ही सवय किती आहे ते सांगायला नको.

चौदा महिन्यांत माझे बारा किलो उतरले. रोज पाऊण तास रामाळा तलावाकडे चालायचो, तेही त्यात आलं. वजन अजून आदर्श नाही, पण साखर आज बावीस वर्षांनंतरही गोळीशिवाय आहे. घरी जाऊन इंचपट्टी लावून बघा. भारतीय पुरुषाची कंबर नव्वद सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच, आणि स्त्रीची ऐंशी, म्हणजे साडेएकतीस, याच्या आत असावी असं डॉक्टर मंडळी सांगतात. वजनकाट्यापेक्षा ही पट्टी खरं बोलते.

आता माझ्या भगिनींबद्दल. मी फक्त आठ तास पेढ्यांसमोर बसायचो, तुम्ही चोवीस तास स्वयंपाकघरात असता. भाजीची चव बघणं, भजी तळता तळता एक तोंडात, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे पोरांच्या ताटात उरलेलं. अन्न टाकू नये हा आपला संस्कार चांगलाच आहे, पण उरलेलं संपवायची जबाबदारी घरातल्या एकाच बाईच्या पोटावर का? ताटात आधीच कमी वाढा, हवं तर पुन्हा मागतील. उरलेलं डब्यात घाला. आणि पुरुष मंडळींनो, सगळ्यांनी एकत्र बसून जेवलं तर तिला शेवटी, दमलेल्या पोटी, भांड्यातलं खरवडून खावं लागणार नाही. आपल्या सोसायटीतल्या काही ताई डब्याचा व्यवसाय करतात. त्यांच्याकडून मी एक युक्ती शिकलो. त्या स्वयंपाकाला लागण्याआधी स्वतः पोटभर जेवून घेतात. भरल्या पोटी तळणाचा वास तेवढा छळत नाही.

२०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांमध्ये पदार्थांतल्या तेल-साखरेची माहिती देणारे फलक लावा असं सुचवलं. बातम्यांत आपल्या नागपूरच्या एम्सचं नाव झळकलं आणि गावभर बोंब झाली की समोशावर बंदी आली! मंत्रालयाला खुलासा करावा लागला की बंदी वगैरे काही नाही, नुसती आठवण करून द्यायची आहे. मला ही कल्पना आवडली. कारण एकट्या माणसाच्या निश्चयावर सगळा भार टाकून चालत नाही, आजूबाजूच्यांनीही थोडा हात द्यावा लागतो.

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षात समितीपुढे तीन छोट्या सूचना ठेवतो. सर्वसाधारण सभेत बिनसाखरेच्या चहाचा वेगळा थर्मास असावा, म्हणजे कुणाला मागताना संकोच वाटणार नाही. गणपतीत आणि कोजागिरीला नाश्त्याचं टेबल खुर्च्यांपासून दूर ठेवावं आणि फुटाणे, काकडी, ताक हेही त्यावर असावं. आणि तिसरी सूचना आपणा सर्वांसाठी, आग्रह एकदाच करावा. "माझी शपथ आहे" म्हणून ताटात जिलेबी टाकू नये. समोरचा 'नको' म्हणतो तेव्हा त्याच्या खिशात कुठला रिपोर्ट आहे हे आपल्याला माहीत नसतं.

इथल्या पोरांना आपण दुडूदुडू धावताना पाहिलं, आता त्यांची लग्नं होताहेत. सुवर्णमहोत्सवाला आपल्यापैकी जास्तीत जास्त मंडळी स्वतःच्या पायांवर चालत या मांडवात यावीत, एवढीच इच्छा आहे. कार्यक्रमानंतर अल्पोपहार आहे असं सचिवांनी सांगितलं आहे. अवश्य घ्या, पण आग्रह एकदाच!