पाव उरतो तेव्हा

जालना एमआयडीसीत बियाण्यांच्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या आपल्या बायका सकाळच्या घाईसाठी पाव आणून ठेवतात. दोन-तीन दिवसांत त्याला बुरशी येते. तेवढाच भाग काढून उरलेला लेकरांना देऊ नका. बुरशीचे धागे आतपर्यंत गेलेले असतात.

फ्रिजच्या साध्या कप्प्यात पाव लवकर कोरडा, कडक होतो. बर्फाच्या कप्प्यात मात्र टिकतो. आणल्या दिवशीच, एका वेळेला लागतील तेवढे पाव पिशवीत घाला, हवा काढून घट्ट बांधा. आठ-दहा दिवसांत संपवा. लागतील तेवढेच काढून तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर गरम करा. लाईट जाऊन पाव मऊ पडले, तर पुन्हा गोठवू नका, त्याच दिवशी खा.

फ्रिज नसेल, तर लागतील तेवढेच आणा. फेकलेला पाव म्हणजे आपल्याच मजुरीचे पैसे.