डोक्यावरचा ताप

देवळालीस लोक हवा खाण्यासाठी येतात. आमच्या कॅम्पातील जुनी आरोग्यधामे याच हवेच्या भरवशावर उभी राहिली. गंमत अशी की, इंग्रजी भाषेला वेडसरपणासाठी ‘डूलाली’ हा शब्दही याच गावाने दिला. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे शिपाई येथील छावणीत पडून राहत, आणि त्यांच्या त्या अवस्थेला ‘डूलाली टॅप’ म्हणत. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला तापच. मी आज बोलणार आहे तो ताप मात्र छपराचा आहे.

मे महिन्यात रात्री नऊनंतर आमच्या अंगणात छान वारा सुटतो. आणि त्याच वेळी घरात पंख्याखालीदेखील बसवत नाही. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपासून ते खाली ओकू लागतो. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. दोन वर्षांपूर्वी अशाच एका रात्री तिला घेरी आली. डॉक्टरांनी तिला तपासले, मीठ-साखरेचे पाणी दिले आणि जाता जाता छताकडे बोट दाखवून म्हणाले, “खरे औषध तिथे करा.”

दोष माझाच होता. आदल्या वर्षी गळती थांबावी म्हणून मी गच्चीवर काळा डांबरी थर अंथरून घेतला होता. गळती थांबली, पण घराची भट्टी झाली.

आईचे माहेर येवल्याकडचे, धाब्याचे. लाकडी सऱ्या, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, आणि वर हातभर पांढरी माती. छप्पर सपाटच, पण कोरडी, भुसभुशीत माती ऊन सहजी खाली जाऊ देत नाही. दरसाल पावसाळ्यापूर्वी नवी माती चढवावी लागे, हा त्याचा कर. आपण धाबी पाडली, स्लॅब घातले, आणि मातीचे काम कोणी करायचे हा प्रश्न विसरून गेलो.

आमच्या कंत्राटदाराने उत्तर दिले, “साहेब, विटांच्या तुकड्यांचा कोबा घाला.” कोबा पाण्याला उतार देतो, हे खरे. पण २०१८ साली केंद्र सरकारने घरांसाठी काढलेल्या ‘इको निवास संहिते’चा निकष पाहा: आतबाहेरच्या तपमानात एका अंशाचा फरक असता छपराच्या चौरस मीटरमधून १.२ वॉटहून अधिक उष्णता वाहू नये. उघड्या स्लॅबमधून ढोबळ हिशेबाने याच्या तिप्पट वाहते. चार इंची कोबा घातला तरी जवळजवळ दुप्पट! शिवाय दर चौरस फुटास वीस किलोच्या आसपास ओझे वाढते. जुन्या स्लॅबला ते पेलेल काय, हे इंजिनिअरला विचारल्यावाचून कोणी घालू नये.

चुन्याची सफेदी सर्वांत स्वस्त. नवी असताना ती पुष्कळसे ऊन परतवून लावते. अहमदाबादेत २०१७पासून गरीब वस्त्यांच्या छपरांवर हा प्रयोग झाला. हात आखडता असेल त्याने निःशंक हेच करावे. मात्र धूळ बसली की तिचा गुण उतरतो; आणि माझ्या डांबरावर तर ती धरेचना.

खोलीच्या आतून थर्मोकोलचे छत करण्याचा सल्लाही मिळाला. पत्र्याच्या घराला ते ठीक. पत्रा आणि छत यांच्यामध्ये वारा खेळता ठेवावा म्हणजे झाले. परंतु स्लॅबला आतून अस्तर लावले, तरी वर तो तापतोच, फुगतो, रात्री आकसतो, आणि कठड्याच्या सांध्याशी भेगा पडून पुन्हा गळती! उष्णता स्लॅबमध्ये शिरण्यापूर्वीच अडवणे बरे, असे माझे मत झाले ते यामुळे.

म्हणून डांबरी थरावर मी दाबीव फोमच्या दोन इंची पाट्या बसवल्या. साधा पांढरा थर्मोकोल पाणी धरतो, वजनाखाली दबतो; या पाट्या सहसा तसे करत नाहीत. काम तेच, धाब्यावरच्या मातीचे: कणाकणांत हवा कोंडून ठेवायची. असली एक इंच पाटी सुमारे चाळीस इंच काँक्रीटइतकी उष्णता अडवते. तिला उन्हाचे मात्र वावडे, म्हणून वर सिमेंटचा थर आणि पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांची नक्षी. पाट्यांचा ढीग पाहून आईने विचारले, “पांढरी माती एवढी महाग झाली का रे?” माझ्या भविष्यनिर्वाह निधीचे पुस्तक तिने पाहिले नव्हते, हे बरे.

एक चूक सांगून टाकतो. गच्ची चार इंचांनी उंचावली, जिन्याच्या दाराचा उंबरठा मात्र होता तिथेच राहिला. जूनच्या पहिल्या सरीला पाणी पायऱ्यांवरून घरात आले. उंबरठा वाढवून घेतला, पाणी जाण्याची भोकेही नव्या पातळीला आणली. तुम्ही हे आधी करा. गच्चीचा उतार शंभर फुटांस एक फूट, म्हणजे जेमतेमच असतो. थोडा अडथळा आला की पाणी माघारी फिरते.

यंदाच्या मे महिन्यात आई आतल्या खोलीतच निजली. दुपारी उकडते, नाही असे नाही. रात्री दहानंतर मात्र खिडक्या उघडल्या की देवळालीची हवा आता घरातही येते.

काम पावसाळा सरल्यावर, स्लॅब पूर्ण सुकल्यावर काढावे. पाट्या बसवण्यापूर्वी भोकांना बोळे घालून गच्चीत दोन दिवस पाणी तुंबवून पाहा. खाली ओल दिसली, तर गळतीचे काम पुन्हा करून घ्या. पाट्या तोवर भिंतीशी टेकवून ठेवलेल्या चालतील, फक्त झाकून.