कोणता महिना चालू आहे?

2023च्या फेब्रुवारीच्या मध्याला दिग्रसला आमच्या आपाचं, म्हणजे थोरल्या बहिणीचं, डोकं एकाएकी असं दुखलं की हातातला तवा सुटला. ओकारी झाली, मान ताठली. 'पित्त असेल' म्हणत आम्ही अर्धा दिवस घालवला. ती चूक आमचीच. यवतमाळला सीटी स्कॅन झालं, रात्रीच नागपूर गाठलं. सायकलच्या झिजल्या ट्यूबला येतो तसा मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता, आणि तो फुटून रक्त पाझरलं होतं.

ऑपरेशनआधी निवासी डॉक्टर प्रश्न विचारू लागले. नाव काय? आपण कुठे आहोत? हात उचला. मला राग आला. इथं जीव टांगणीला आणि हे तोंडी परीक्षा घेताहेत! पण ती परीक्षाच होती. 1974 साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी बसवलेली. डोळे उघडण्याला 4 गुण, बोलण्याला 5, हालचालीला 6, एकूण 15. पैकीच्या पैकी मिळाले तर पेशंट पहिल्या पायरीवर, धोका सर्वांत कमी. एक गुण गेला की पायरी उतरली. पाचवीवर आशा फार थोडी.

"मावशी, महिना कोणता चालू आहे?"

"रज्जब," आपा म्हणाली.

डॉक्टरांनी 'गोंधळलेली' असं लिहून एक गुण कापला. मी पुढे झालो. "डॉक्टरसाहेब, बरोबर आहे तिचं. आमच्या चांद्रवर्षाचा हा सातवा महिना. तिचं घर याच महिन्यांवर चालतं." त्यांनी मग तिला वर्ष विचारलं, गाव विचारलं, कापूस काय भावानं गेला तेही विचारलं. आणि 14 खोडून 15 केले. कवितेत शब्द चुकला तर संपादक फार तर साभार परत पाठवतो.

कवटी उघडून फुग्याच्या मानेवर क्लिप बसवली. पाचव्या दिवशी आपा स्वतःच्या लेकाला माझ्या नावानं हाक मारू लागली. अशा रक्तस्रावानंतर साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसू शकतात. पहिल्या कागदावर 14 राहिले असते, तर 'गोंधळ आधीपासूनचाच' असं वाटलं असतं. 15 होते, म्हणून लगेच स्कॅन झालं, औषधानं रक्तदाब मुद्दाम वाढवला गेला.

चार दिवसांनी तिला नावं नीट जुळू लागली. तोवर चांद दिसून महिना पालटला होता. सिस्टरनी मला दारातच गाठलं. "भाऊ, आता कोणता लागला तुमचा?"

"शाबान," मी म्हणालो.

त्यांनी ते आपाच्या कागदाच्या कोपऱ्यात लिहून घेतलं.