घरचे फोटो घरातच राहावेत म्हणून



आज ज्या गोष्टीविषयी मी तुमच्याशी बोलणार आहे ती तशी लहान आहे. मोबाईलवर काढलेला फोटो आपोआप दुसऱ्या यंत्रावर, म्हणजे टॅबवर, कसा जातो आणि तो जाऊ नये असे वाटत असेल तर काय करावे, एवढाच विषय. विषय लहान खरा, पण त्यापायी आमच्या घरात एक म्हातारी चार दिवस रुसून बसली होती, आणि तिचे रुसणे रास्त होते. म्हणून आधी ती हकीकत सांगतो.

माझी आई मुखेडला माझ्याजवळ असते. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, मधुमेह जुना. मागे एका पावसाळ्यात तिच्या पाठीवर काळपुळी झाली. नांदेडच्या डॉक्टरांनी ती कापली. पुढचे ड्रेसिंग गावातच करून घ्यायचे आणि जखमेचा फोटो त्यांना पाठवायचा, असे ठरले. रोज नांदेडची वारी तिच्या वयाला झेपणारी नव्हती, तेव्हा ही सोय मोलाचीच. रोज सकाळी मी फोटो काढी आणि पाठवी. आईला ते आवडत नसे. उभ्या जन्मात जिने डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तिची उघडी पाठ मुलगा मोबाईलमध्ये टिपतो, हे तिला कसे आवडावे? "डाक्टरबिगर कुणी बघत न्हाई ना रे?" असे ती रोज विचारी, आणि "कुणी नाही माय" असे मी रोज सांगे.

आठ-दहा दिवसांनी लातूरहून पुतणीचा फोन आला. ती तिथे खोली करून बारावीचा अभ्यास करते. तिच्याबरोबर आणखी तिघी मुली राहतात. ती हळूच म्हणाली, "काका, आजीच्या पाठीचे फोटो माझ्या टॅबवर यायलेत. मैत्रिणी गणिताचा व्हिडिओ बघत होत्या, त्यांनी पाहिले. मी सगळे पुसून टाकले, तुम्ही काळजी करू नका."

पोरीने केले ते मायेनेच केले. पण दोन दिवसांनी डॉक्टरांनी विचारले, "पहिल्या दिवसापासूनचे फोटो एकत्र दाखवा, जखम किती भरली ते पाहू." मी मोबाईल उघडला तर एकही फोटो नाही. लातूरला पुसले ते मुखेडलाही पुसले गेले होते. आणि हे सारे आईसमोर उघड झाले. तेव्हा ती एवढेच म्हणाली, "माझी पाठ काय शाळंतला फळा हाय का रे?" आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

श्रोतेहो, चूक यंत्राची नव्हती, माझी होती. टॅब नवा आला तेव्हा पुतणीचे स्वतःचे खाते नव्हते. मी म्हटले, सध्या माझेच खाते टाकू, पुढे बघू. आपल्याकडे 'सध्या' या शब्दाचे आयुष्य फार मोठे असते. ते खाते तसेच राहिले.

आता हे खाते म्हणजे काय, ते पाहू. शेतकऱ्याला हा शब्द नवा नाही. दोन भावांची जमीन एकाच खात्यावर असली की सातबाऱ्यावर दोघांचीही नावे येतात. बांध घातला, वहिती वेगळी केली, तरी कागदोपत्री खाते सामाईकच राहते. मोबाईल आणि टॅब यांचे असेच आहे. यंत्रे दोन असली, एक मुखेडला आणि एक लातूरला असले, तरी दोन्हींत गुगलचे एकच खाते घातले असेल तर कंपनीच्या लेखी मालक एकच. एका मालकाचे फोटो त्याच्या दोन्ही यंत्रांवर दिसावेत, ही तिने केलेली सोयच आहे. ॲपल कंपनीने ही सोय 'आयक्लाउड'च्या नावाने २०११ साली आणली, गुगलने 'गुगल फोटोज' २०१५ साली सुरू केले. फोटो आधी मोबाईलमधून कंपनीच्या दूरच्या संगणकांवर जातो. त्याला 'बॅकअप' म्हणतात. तिथून तो त्या खात्याच्या प्रत्येक यंत्रावर दिसतो. म्हणजे मोबाईलचा फोटो सरळ टॅबवर जात नाही. मधे एक सामाईक विहीर आहे. मोबाईल तीत पाणी सोडतो, आणि टॅब तिच्यावर वाकून बघतो.

हे चित्र नीट ध्यानात ठेवा, कारण पुष्कळांची गफलत इथेच होते. टॅबवर फोटो येतात म्हणून लोक टॅबमधला बॅकअप बंद करतात, आणि तरीही फोटो येतच राहतात. मग म्हणतात, यंत्र बिघडले. बिघडलेले काहीच नसते. टॅबमधला बॅकअप बंद केल्याने टॅबने स्वतः काढलेले फोटो विहिरीत जायचे थांबतात. मोबाईलचे फोटो विहिरीत पडतच असतात, आणि टॅब ते बघतच असतो.

मग करावे काय? दोन वाटा आहेत.

पहिली वाट मोबाईलवरची. गुगल फोटोज उघडा. वर उजव्या कोपऱ्यात तुमच्या नावाचे अक्षर किंवा चित्र असलेले गोल चिन्ह असते, त्यावर बोट टेका. तिथून सेटिंग्जमध्ये जा, बॅकअप निवडा आणि ते बटण बंद करा. त्या क्षणापासून या मोबाईलचे नवे फोटो वर जाणार नाहीत. पण लक्षात घ्या, आधी गेलेले फोटो तिथेच राहतात आणि टॅबवर दिसतच राहतात. मोटार बंद केली म्हणून हौदातले पाणी परत जात नाही, तसेच हे.

दुसरी वाट वाटणीची, आणि माझ्या मते तीच खरी. टॅबसाठी वेगळे खाते काढा. मूल तेरा वर्षांखालचे असेल तर ते खाते पालकांच्या देखरेखीखाली काढावे लागते. मोठ्या मुलांचे त्यांच्या स्वतःच्या नावे निघते. नवे खाते टॅबमध्ये घाला, अभ्यासाची ॲप त्या खात्याने चालू झाली याची खात्री करा, आणि मगच टॅबच्या सेटिंग्जमधल्या 'खाती' या भागात जाऊन आपले जुने खाते तिथून काढून टाका. त्याने तुमचे फोटो नाहीसे होत नाहीत. ते तुमच्या खात्यात सुरक्षित राहतात, फक्त टॅबचे विहिरीवर वाकणे थांबते.

ज्यांच्या घरी आयफोन आणि आयपॅड आहेत त्यांनी सेटिंग्जमध्ये सर्वांत वर असलेल्या आपल्या नावावर जावे, तिथून आयक्लाउड, तिथून फोटोज, आणि ज्या यंत्रावर फोटो नकोत त्या यंत्रावरचे सिंकचे बटण बंद करावे. त्या वेळी यंत्र विचारते, फोटो इथून काढून टाकू की उतरवून घेऊ? घाई करू नका, प्रश्न पुरता वाचा आणि मगच उत्तर द्या. इथेही प्रत्येकाचे खाते वेगळे असणे, हाच कायमचा उपाय.

आता पुसण्याविषयी. आमच्या पुतणीकडून झाली ती चूक उद्या कोणाकडूनही होईल. सामाईक खात्यातला फोटो एका यंत्रावरून पुसला की तो खात्यातूनच जातो. माझ्या बाबतीत तर त्याच आठवड्यात मोबाईल भरला म्हणून मी 'जागा मोकळी करा' हे बटण दाबले होते. त्याने मोबाईलमधल्या मूळ प्रती गेल्या आणि फक्त विहिरीतली प्रत उरली. पुतणीने तीही पुसली. सुदैवाने बॅकअप झालेला फोटो पुसल्यावर गुगलच्या 'ट्रॅश' या कचऱ्याच्या पेटीत ६० दिवस राहतो. ॲपलकडे ही मुदत साधारण ३० दिवसांची आहे. मी पेटी उघडली, आईचे सगळे फोटो परत घेतले आणि डॉक्टरांना दाखवले. ६१ व्या दिवशी शोधले असते तर हात हलवीत बसावे लागले असते.

इतके ऐकून कोणी म्हणेल, ही भानगडच नको, बॅकअप कायमचा बंद करून टाकू. थोडे थांबा. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मुखेड तालुक्यात काय झाले ते आठवा. १७ आणि १८ ऑगस्टच्या अतिवृष्टीत लेंडी धरणाच्या परिसरातल्या हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगेली या गावांत पाणी शिरले. हसनाळला माणसे गेली, त्यांच्या दुःखापुढे फोटोची गोष्ट काय बोलावी! पण जी घरे वाचली त्यांनी पाणी ओसरल्यावर काय शोधले? पासबुक, सातबारा, आधार कार्ड, मुलांच्या गुणपत्रिका. भिजलेल्या कागदाचा लगदा होतो आणि भिजलेला मोबाईल मुका होतो. अशा वेळी त्या कागदांचे फोटो खात्यात असतील तर ते दुसऱ्या कोणत्याही मोबाईलवर उघडता येतात. पिकाच्या नुकसानीचा फोटो, ई-पीक पाहणीसाठी काढलेला फोटो, हेही जपून ठेवण्याजोगेच. म्हणून विहीर बुजवू नका, वाटणी करा. कागदपत्रांचा बॅकअप असू द्या, आणि शरीराचे, आजाराचे, घरातल्या बायाबापड्यांचे फोटो वेगळे ठेवा. त्यासाठी गुगल फोटोजमध्ये 'लॉक केलेले फोल्डर' असते. त्यात ठेवलेला फोटो, तुम्ही वेगळी परवानगी दिल्याशिवाय, वर जात नाही आणि दुसऱ्या यंत्रावर दिसत नाही. शिवाय गुगलने १ जून २०२१ पासून फोटोंची अमर्याद फुकट साठवण बंद केली. आता टपाल, कागद आणि फोटो मिळून १५ जीबी जागा फुकट मिळते. ती सकाळच्या 'शुभ प्रभात'च्या चित्रांनी भरू नये यासाठी, व्हॉट्सॲपच्या चित्रांचा बॅकअप बॅकअपच्याच सेटिंग्जमधून वेगळा बंद ठेवता येतो.

आणखी एक इशारा. खेड्यात नवा मोबाईल घेतला की दुकानदारच खाते काढून देतो, आणि पासवर्ड त्याच्याच ध्यानात राहतो, नाहीतर एखाद्या पुतण्याच्या. तुमच्या घराची किल्ली तुम्ही दुसऱ्याच्या खुंटीला टांगाल काय? आजच घरातल्या शिकलेल्या पोराला जवळ बसवा. खाते कोणाच्या नावावर आहे ते पाहा, पासवर्ड बदला, आणि हे खाते कोणकोणत्या यंत्रांवर उघडे आहे त्याची यादी खात्याच्या सुरक्षेच्या भागात पाहून घ्या. अनोळखी यंत्र दिसले तर तिथून बाहेर पडण्याची सोय तिथेच असते.

शिक्षक बंधुभगिनींना दोन शब्द. महाज्योतीसारख्या संस्थेने विद्यार्थ्यांना टॅब दिले, पुष्कळ शाळांतही ते आले. शाळेच्या टॅबमध्ये आपले घरचे खाते कधी घालू नका. नाहीतर वर्गात धडा दाखवताना घरच्या बारशाचे फोटो पडद्यावर येतील, आणि बदली झाल्यावर तुमचे खाते त्या टॅबबरोबर शाळेतच राहील. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. आपण मुलांचे फोटो काढतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये तर विद्यार्थ्यांबरोबर सेल्फी काढण्याचा आदेशच निघाला होता, आणि शिक्षकांच्या विरोधानंतर त्याला स्थगिती मिळाली. आदेश असो वा नसो, आईबापांनी विश्वासाने पाठवलेल्या मुलीचा फोटो आपल्या घरच्या टॅबवर, आपल्या पाहुण्यांसमोर उघडावा, हे बरे नव्हे. शाळेसाठी वेगळे खाते असावे, आणि काम झाले की फोटो काढून टाकावा.

आपल्या मुखेडच्या दशरथेश्वराच्या देवळाचा फोटो साऱ्या जगाने पाहिला तरी आपल्याला आनंदच आहे. पण सगळेच फोटो देवळाचे नसतात. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय दिला. हा हक्क म्हणजे काय, हे मी वर्गात कैकदा सांगितले असेल. तो मला कळला मात्र आईने भिंतीकडे तोंड फिरवले त्या दिवशी.

पुढच्या रविवारी मी लातूरला गेलो, पुतणीचे वेगळे खाते काढले आणि टॅबमधून माझे काढून टाकले. परत येऊन आईला मोबाईल दाखवला. तिला सेटिंग्ज काय समजणार? पण ती म्हणाली, "आता कुणी बघायलं न्हाई ना?" या वेळी मी खात्री करून घेतली होती. म्हटले, "नाही माय, कुणी नाही." आणि तिने ड्रेसिंगसाठी पाठ पुढे केली.

श्रोतेहो, आज संध्याकाळी घरातला मोबाईल आणि टॅब शेजारी शेजारी ठेवा, आणि दोन्हींत कोणाचे खाते आहे तेवढे पाहा. नमस्कार.